सस्पेन्शन, पुढचं : आफ्टरमार्केट पार्टची निवड

कंपनीतून गाडीसोबत आलेले पुढच्या चाकांचे स्प्रिंग, शॉकअप, लोअर आर्म, बुश, बॉल जॉइंट, टॉप माउंटिंग, स्टॅबिलायझर बार आणि त्याच्या लिंक काढून त्यांच्या जागी दुसऱ्या कंपनीचे, बहुतेक वेळा जास्त कडक किंवा ॲडजस्ट होणारे पार्ट बसवणं, आणि त्यातलं काय बदलायचं काय नाही ते ठरवणं. इथली माहिती पोलो जीटी टीएसआय, ऑक्टाव्हिया आरएस, पुंटो अबार्थ, आय२० एन लाइन, स्विफ्ट असल्या गाड्यांना धरून आहे. या सगळ्यांना पुढं मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप मिळून एकच उभा खांब आणि खाली एक आर्म. डबल विशबोनच्या (वर-खाली दोन आर्म असलेल्या) गाडीचं गणित वेगळं पडतं.

उगम : स्ट्रट नक्की कुणाचा यावर अजून एकमत नाही. नाव अर्ल मॅकफर्सन यांचं. जनरल मोटर्समध्ये १९४५ पासून शेवरलेच्या छोट्या गाडीचं, म्हणजे कॅडेटचं काम त्यांच्याकडं होतं आणि त्या गाडीच्या चारही चाकांना त्यांनी स्ट्रट लावला होता. १९४७ मध्ये कॅडेट गुंडाळली गेली, त्याच वर्षी ते फोर्डला गेले. पेटंटचे अर्ज दोन, पहिला मार्च १९४७ चा जनरल मोटर्सच्या नावानं, दुसरा १९४९ चा फोर्डच्या नावानं, आणि दोन्ही मंजूर झाले १९५३ मध्ये, त्यामुळं कुणी १९४७ लिहितं, कुणी १९४९ तर कुणी १९५३, आणि तिघंही आपापल्या जागी बरोबर असतात. त्याआधी १९२० च्या दशकाच्या मध्याला फियाटच्या गुइदो फोर्नाका यांनी बऱ्यापैकी तसलीच रचना पेटंट केली होती, म्हणून इटलीकडची मंडळी श्रेय तिकडं देतात. लान्चिया लाम्ब्डाचं (१९२२) पुढचं सस्पेन्शनही याच वंशावळीत घालतात पण ते जरा ओढूनताणून वाटतं, कारण लाम्ब्डात चाक एका पक्क्या खांबावर वरखाली सरकतं, स्ट्रटमध्ये मात्र शॉकअपची बॉडीच नकलला (चाक ज्यावर बसतं त्या भागाला) जोडलेली असते, वरचं टोक माउंटिंगमध्ये हलतं आणि खालचं टोक आर्म धरून ठेवतो. फोर्नाकांचा दावा त्या मानानं दमदार आहे. पण रोजच्या स्वस्त गाडीत बसेल, मोनोकॉक (वेगळी चासी नसलेल्या) बॉडीच्या आतल्या पत्र्याला वर टेकेल आणि स्टॅबिलायझर बारकडूनच आर्मचं पुढंमागं होणं रोखेल अशी जुळणी मॅकफर्सन यांचीच म्हणावी लागते.

प्रॉडक्शनमधली पहिली गाडी कुठली यावरही दोन मतं आहेत. फ्रान्समधली फोर्ड व्हेडेट (१९४८-४९ च्या सुमारास) की इंग्लंडमधल्या फोर्ड कॉन्सल आणि झेफिर (१९५०-५१)? तारखा बघितल्या तर व्हेडेट आधीची, पण तिला पुढं विशबोन आणि कॉइल स्प्रिंग होते, म्हणून पहिला मान कॉन्सल आणि झेफिरचाच.

आपल्याकडं ॲम्बॅसॅडरला पुढं टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारे दांडे) होते, पद्मिनीला विशबोन आणि कॉइल स्प्रिंग. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि स्ट्रट घरोघरी पोचला. त्या ८०० मध्ये स्टॅबिलायझर बारच लोअर आर्मला पुढंमागं धरून ठेवायचा, म्हणजे मूळ कल्पनेच्या अगदी जवळ. म्हणूनच जुन्या ८०० ला किंवा झेनला नुसते बारचे बुश कडक टाकले तरी कॅस्टर (बाजूनं बघता स्टेअरिंगच्या अक्षाचा पुढंमागं कल) बदलतो. नवीन गाड्यांत एल आकाराचा आर्म स्वतःच ते काम करतो आणि बार फक्त बॉडीचं झुकणं अडवतो.

उंची आणि रोल सेंटर : निवडीत सगळ्यात जास्त घोळ इथं होतो. गाडी उतरवली की कमी झुकणार असं सरसकट समजलं जातं, मॅकफर्सनला ते तसं लागू पडत नाही. पुढून गाडीकडं बघा, स्ट्रटच्या वरच्या माउंटिंगमधून स्ट्रटला काटकोनात एक रेघ काढा, लोअर आर्मची रेघ लांब वाढवा, दोन्ही जिथं भेटतात तो बिंदू घेऊन त्याच्यातून टायर जमिनीला टेकतो तिथपर्यंत तिसरी रेघ ओढा, ती गाडीच्या मध्यरेषेला जिथं छेदते ते रोल सेंटर, म्हणजे वळणात बॉडी ज्याच्याभोवती झुकते तो बिंदू. गाडी खाली आली की आर्मचं आतलं टोक खाली येतं, बाहेरचं बॉल जॉइंटचं टोक चाकासोबत तिथंच राहतं, त्यामुळं हे सेंटर गाडी जेवढी उतरली त्यापेक्षा जास्त खाली घसरतं. समजण्यापुरते आकडे घेऊ. गुरुत्वमध्य जमिनीपासून ५३० मिमी आणि रोल सेंटर ८० मिमी, मधला फरक ४५०. गाडी ३० मिमी उतरवली, गुरुत्वमध्य ५०० वर आला, रोल सेंटर मात्र ७० नं घसरून १० वर, फरक झाला ४९०. म्हणजे झुकवणारा जोर जवळपास ९ टक्के वाढला, आणि नवीन स्प्रिंगचा कडकपणा आधी तेवढीच भरपाई करण्यात खर्ची पडला. वर कॅम्बरचाही (पुढून बघता चाकाच्या कलाचा) तोटा आहे, आर्म आडवा होऊन पुढं वर कलला की चाक वर जाताना निगेटिव्ह कॅम्बर (चाकाची वरची बाजू आत) मिळायचा थांबतो आणि वळणात बाहेरच्या टायरची कड घासते. टाय रॉडचा (स्टेअरिंगकडून चाकाला जोडणाऱ्या दांड्याचा) कोन आर्मशी जुळेनासा झाला की खड्ड्यात चाक गेल्यावर स्टेअरिंग आपोआप ओढतं, त्याला बंप स्टिअर म्हणतात.

तपासायला मशीन लागत नाही. गाडी सपाट फरशीवर उभी करून, मोबाइलचा टॉर्च लावून लोअर आर्मच्या आतल्या बोल्टची आणि बॉल जॉइंटच्या मध्याची जमिनीपासून उंची टेपनं मोजायची. आतला बोल्ट वर असेल तर ठीक, दोन्ही सारखे असतील तर आता आणखी उतरवू नका, आतला बोल्ट खाली असेल तर लांब दांड्याचे रोल सेंटर करेक्शनवाले बॉल जॉइंट घ्यावे लागतात, किंवा सरळ उंच स्प्रिंग परत लावावे. दुसरा उपाय स्वस्त आणि बहुतेकांसाठी तोच शहाणपणाचा.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या प्रमाणानुसार गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंमी उंच असायला हवा. गावोगावचे गतिरोधक या मापात बसत नाहीत हे वेगळं सांगायला नको, मग ३० मिमी उतरवलेली गाडी पोटावर बसते.

स्प्रिंग आणि शॉकअपची जोडी : चाकाजवळचा कडकपणा २५ न्यूटन प्रति मिमी आणि त्या कोपऱ्यावरचं वजन ३०० किलो धरलं तर पुढची फ्रिक्वेन्सी (सेकंदाला किती वेळा वरखाली) १.४५ हर्ट्झच्या आसपास येते. स्प्रिंग ३० टक्के कडक केला तर ती १.६५ होते, कारण हिशोब वर्गमुळात चालतो. साध्या गाड्या १ ते १.५ मध्ये, रस्त्यावरच्या स्पोर्टी गाड्या १.५ ते २ मध्ये असतात असं ढोबळमानानं धरतात. कंपनीचे शॉकअप ठेवून नुसते लोअरिंग स्प्रिंग टाकले तर दोन गोष्टी होतात, रिबाउंड (दबलेला स्प्रिंग उसळताना शॉकअपचा विरोध) कमी पडून गाडी डोलत राहते आणि बंप स्टॉपवर (शेवटी अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर) सारखी आदळून शॉकअप लवकर तेल सोडतो. म्हणूनच शॉकअप बनवणारी बिलस्टीन मूळ उंचीसाठी बी६ आणि उतरवलेल्या गाडीसाठी बी८ अशी वेगळी मालिका ठेवते. कोनी कंपनीच्या पिवळ्या स्पोर्टला रिबाउंड ॲडजस्ट करता येतो.

मोनोट्यूब (एकाच नळीच्या) गॅस शॉकअपची कल्पना फ्रेंच संशोधक द कार्बों यांची, गाड्यांत ती बिलस्टीननं १९५७ मध्ये मर्सिडीजसाठी आणली असं सांगितलं जातं. ट्विन ट्यूबमध्ये (नळीत नळी असलेल्या साध्या शॉकअपमध्ये) तेल तापून फेसाळतं. आंबेनळी किंवा कुंभार्ली घाट उतरताना तुटका रस्ता आणि सलग वळणं आली की हे जाणवतं. स्ट्रटच्या रॉडवर आडवा जोरही येतो, त्यामुळं स्ट्रटसाठीचा मोनोट्यूब बऱ्याचदा उलटा बसवतात, म्हणजे जाड बॉडीच वाकण्याचा भार घेते.

सातारा आणि सांगलीला एकच सेटिंग चालत नाही. साताऱ्याकडं यवतेश्वर घाट चढून कास किंवा वाईहून पसरणी म्हणजे छोटी वळणं, तुटलेल्या कडा, आणि वर जांभ्याची तांबडी धूळ, ती रॉडच्या सीलमध्ये आणि कॉइलओव्हरच्या (आट्यांवर कॉलर फिरवून उंची बदलता येणाऱ्या स्ट्रटच्या) आट्यांमध्ये जाऊन बसते. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिमीच्या वर पाऊस पडतो, दोन पावसाळ्यांत साध्या लोखंडी आट्या गंजून कॉलर हलेनाशी होते, केडब्ल्यू कंपनी बॉडी स्टेनलेसची करते ती यासाठी उपयोगी. सांगलीकडं वाळवा, पलूस भागात काळ्या मातीवरचे रस्ते लाटेसारखे उठतात. ८० च्या स्पीडला साधारण १५ मीटर लांबीच्या लाटा म्हणजे जवळपास १.५ हर्ट्झ, गाडी त्याच तालावर उड्या मारायला लागते. तिथं कडक स्प्रिंगपेक्षा चांगला रिबाउंड कामाला येतो. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागं चालणं असतंच, तेव्हा स्पोर्टी सेटिंगचा काय उपयोग हा प्रश्न रास्त आहे.

बुश आणि फिटिंग : पॉलियुरेथेनचे बुश स्टेअरिंग नेमकं करतात, पण रबराचा बुश पिळला जातो आणि पॉलीचा स्लीव्हवर फिरतो, ग्रीस संपलं की किरकिरतो. आर्मच्या मागच्या मोठ्या बुशमध्ये कंपनीनं मुद्दाम मऊपणा ठेवलेला असतो, खड्ड्याचा धक्का तिथं जिरतो, तो एकदम कडक केला तर धक्का सबफ्रेमला (आर्म ज्याला जोडतात त्या चौकटीला) जातो. निदान तेवढा एक रबराचा ठेवावा. रबरी बुशचा बोल्ट गाडी लिफ्टवर लटकत असताना फायनल टाइट करायचा नाही, चाकं जमिनीवर आल्यावर करायचा, नाहीतर बुश कायम पिळलेला राहतो आणि काही महिन्यांत फाटतो, मग पार्ट डुप्लिकेट होता म्हणून दुकानदाराला शिव्या. टॉप माउंटिंग आणि त्याचं बेअरिंग स्ट्रट उघडलाच आहे तर नवीनच टाकावं.

ऑर्डर देण्याआधी नकलमधलं स्ट्रटचं माप घ्यावं. फोक्सवॅगन-स्कोडाच्या गोल्फ-ऑक्टाव्हिया वर्गात ५० आणि ५५ मिमी अशी दोन मापं येतात आणि एकाचा स्ट्रट दुसऱ्यात जात नाही. नकल दोन बोल्टची असेल तर कॅम्बर बोल्ट चालतो, क्लॅम्पची असेल तर वर कॅम्बर प्लेट लावावी लागते.

कायदा : मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळे बदल करता येत नाहीत, सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये तेच अधोरेखित केलं. मूळ मापाचा शॉकअप किंवा बुश बदलणं दुरुस्तीत मोडतं, गाडी उतरवणं वादात सापडू शकतं, इन्शुरन्सवाले क्लेमच्या वेळी यावर बोट ठेवतात.

अलाइनमेंट : काम झाल्यावर लगेच एकदा आणि स्प्रिंग बसल्यावर काही शे किलोमीटरनं परत करतात. बहुतेक ठिकाणी फक्त टो (वरून बघता चाकं आत की बाहेर वळलीत तो कोन) लावून देतात कारण स्टॉक गाडीला कॅम्बर ॲडजस्ट होतच नाही, पण कॅम्बर बोल्ट टाकलेत तर आधी कॅम्बर, मग टो हा क्रम, कारण कॅम्बर हलवला की टो बदलतोच. टायर आतून झिजला की कॅम्बरला दोष देतात, बहुतेक वेळा कारण टो-आउट (चाकांची पुढची बाजू बाहेर वळलेली) असतं. प्रिंटवरचे दोन्ही बाजूंचे आकडे सारखे आहेत का ते बघूनच पैसे द्यावेत.