मॉन्ट्रियल की टोरांटो: एका तुलनेची पार्श्वभूमी

कॅनडात शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा केवळ प्रवासासाठी जाणाऱ्या मराठी माणसांच्या बोलण्यात या दोन शहरांची तुलना ठरलेल्या वळणाने जाते. टोरांटोत नोकऱ्या आहेत, आपली माणसे आहेत, पण घरभाडे झेपत नाही. मॉन्ट्रियल देखणे आहे, त्यामानाने स्वस्तही आहे, पण तिथे फ्रेंचवाचून अडते. हे वर्णन ढोबळमानाने बरोबर आहे. त्याला जोडून जे कारण सांगितले जाते ते मात्र तपासून पाहण्याजोगे आहे. १९७७ साली क्वेबेक प्रांताने फ्रेंचसक्तीचा कायदा केला, त्यामुळे मॉन्ट्रियलमधला पैसा आणि इंग्रजी बोलणारा वर्ग टोरांटोला गेला आणि एका शहराच्या उतरणीवर दुसरे शहर चढले, असे हे कारण आहे. यातला प्रत्येक तुकडा घडलेला आहे. त्यांची जी साखळी जोडली जाते ती तारखांच्या कसोटीला उतरत नाही.

मॉन्ट्रियलची वसाहत १६४२ ची आणि टोरांटोची १७९३ ची. पहिल्या शहराचे मोठेपण मुख्यतः नदीने दिलेले होते. अटलांटिकमधून सेंट लॉरेन्स नदीत शिरलेले जहाज मॉन्ट्रियलच्या वरच्या अंगाला असलेल्या लाशीनच्या खळाळापाशी अडत असे आणि माल तिथेच उतरवावा लागे. १८२५ मध्ये हा खळाळ टाळणारा कालवा खुला झाला, तरी मोठी सागरी जहाजे पुढे जाऊ शकत नसल्याने गोदामे, गिरण्या, बँका आणि पुढे रेल्वेची मुख्यालये याच शहरात वाढली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॅनडाच्या संपत्तीचा मोठा हिस्सा शहरातल्या माउंट रॉयल टेकडीच्या दक्षिण उतारावरच्या काही गल्ल्यांत राहत होता, आणि त्या गल्ल्यांची भाषा इंग्रजी होती. शहरातले बहुसंख्य लोक फ्रेंच बोलत, पण मालक, व्यवस्थापक आणि सावकार बहुतेक इंग्रजीभाषक, विशेषतः स्कॉटिश वंशाचे होते. पुढच्या सगळ्या वादाचे मूळ या विभागणीत आहे.

टोरांटोची सरशी सुरू झाली ती विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-चार दशकांत. टोरांटो ज्या प्रांतात आहे त्या ओंटारिओच्या उत्तर भागात चांदी आणि सोन्याच्या खाणी निघाल्या आणि त्यांना लागणारे भांडवल टोरांटोच्या बाजारात उभे राहू लागले. समभागांच्या उलाढालीत टोरांटोने १९३० च्या दशकातच मॉन्ट्रियलला मागे टाकले. त्याच सुमारास कॅनडाच्या व्यापाराचा कल लंडनकडून न्यूयॉर्क, डेट्रॉइट आणि शिकागोकडे वळत होता. अमेरिकी कंपन्यांनी सीमेपलीकडे कारखाने काढले ते बहुतांशी दक्षिण ओंटारिओत, कारण तिथून त्यांचे मूळ कारखाने जवळ होते आणि कामाची भाषाही एकच होती. १९५९ मध्ये सेंट लॉरेन्सचा नवा जलमार्ग खुला झाला आणि सागरी जहाजे मॉन्ट्रियलला न थांबता थेट महासरोवरांत जाऊ लागली. ज्या अडथळ्याने हे शहर वसवले होते तोच नाहीसा झाला. १९६५ च्या मोटारउद्योगविषयक करारानंतर ओंटारिओच्या कारखान्यांना अमेरिकी बाजारपेठ जवळजवळ मुक्तपणे मिळाली.

हे सगळे होत असताना मॉन्ट्रियल वरून पाहता ऐन भरात होते, आणि म्हणून नंतरची घसरण लोकांना एकाएकी झाल्यासारखी वाटली. १९६२ मध्ये मध्यवस्तीत क्रूसाकार गगनचुंबी इमारत उभी राहिली आणि तिच्या तळघरातून आजच्या भुयारी शहराची सुरुवात झाली. १९६६ मध्ये रबरी चाकांवर धावणारी मेट्रो आली. १९६७ च्या जागतिक प्रदर्शनाला पाच कोटींहून अधिक लोकांनी हजेरी लावली. टोरांटोत भुयारी रेल्वे १९५४ पासून धावत होती, पण पाहुण्याने मुद्दाम जाऊन पाहावे असे शहर म्हणून तिकडे फारसे कोणी बघत नव्हते. रविवारी सगळे बंद असणारे आणि दारूबाबत कडक असलेले गाव हीच त्याची ओळख होती. याउलट अमेरिकेतील दारूबंदीच्या काळापासून मॉन्ट्रियल हे सीमेपलीकडच्या पाहुण्यांचे रात्रीचे शहर ठरले होते, आणि आजही पर्यटक या दोन शहरांबद्दल जे बोलतात त्यात या दोन जुन्या प्रतिमांचा अंश आहे.

सत्तरच्या दशकात दोन मोठे निर्णय मॉन्ट्रियलला भोवले, आणि दोन्हींचा भाषेशी संबंध नव्हता. केंद्र सरकारने शहरापासून सुमारे ५५ किलोमीटरवर मिराबेल येथे प्रचंड विमानतळ बांधला. १९७५ मध्ये तो सुरू झाला तेव्हा अमेरिकेची सोडून इतर आंतरराष्ट्रीय उड्डाणे तिकडे नेली गेली आणि देशांतर्गत व अमेरिकेची उड्डाणे जुन्या दोर्व्हाल विमानतळावरच राहिली. दोन विमानतळांमधल्या फरपटीला कंटाळून जोडविमानाचे प्रवासी टोरांटोमार्गे जाऊ लागले. १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय उड्डाणे दोर्व्हालला परत आली आणि २००४ मध्ये मिराबेलची प्रवासी सेवा संपली. दुसरा निर्णय १९७६ च्या ऑलिंपिकचा. स्टेडियमचा मनोरा आणि छत स्पर्धेपर्यंत पुरे झाले नाही, ते १९८७ पर्यंत रेंगाळले, आणि खर्चाचे कर्ज फेडायला २००६ साल उजाडले. त्याच १९७६ मध्ये टोरांटोत ५५३ मीटर उंचीचा मनोरा पूर्ण झाला.

आता तारखांकडे यावे. १९७६ ची जनगणना जूनमध्ये झाली. तिच्यात दोन्ही महानगरांची लोकसंख्या अठ्ठावीस लाखांच्या आसपास जवळजवळ समसमान निघाली आणि टोरांटो केसभर पुढे होते. त्याआधीच्या १९७१ च्या गणनेत मॉन्ट्रियल एक लाखाहून अधिकने पुढे होते. म्हणजे ही आघाडी पाच वर्षांत भरून निघाली. स्वतंत्र क्वेबेकचा पुरस्कार करणारा पक्ष प्रांतात सत्तेवर आला तो १५ नोव्हेंबर १९७६ रोजी, आणि भाषा कायदा संमत झाला २६ ऑगस्ट १९७७ रोजी. लोकसंख्येचा काटा कायद्याच्या आधीच झुकला होता आणि भांडवलाचा तर त्याच्याही चाळीस वर्षे आधी.

मग या कायद्याने नेमके काय केले? याचे उत्तर नीट द्यायचे तर तो का आला हे आधी पाहिले पाहिजे. १९६१ च्या जनगणनेच्या आधारे एका राष्ट्रीय आयोगाने क्वेबेकमधील १४ वांशिक गटांची सरासरी मिळकत मांडली, तेव्हा फ्रेंच वंशाच्या लोकांचा क्रमांक बारावा लागला. आपल्याच प्रांतात, जिथे ते पाचात चार होते तिथे. मध्यवस्तीतल्या मोठ्या दुकानांत फ्रेंचमध्ये विचारले तर इंग्रजीत उत्तर येई, आणि कारखान्यात मुकादमाच्या वर चढायचे तर इंग्रजी लागे. त्यातच बाहेरून येणारी कुटुंबे मुलांना बहुसंख्येने इंग्रजी शाळांत घालत होती. त्यांचा हिशेब समजण्यासारखा होता, कारण पगार इंग्रजीत होता. १९६८ मध्ये सेंट-लेओनार या उपनगरात इटालियन पालक आणि फ्रेंच शाळामंडळ यांच्यात यावरून जो संघर्ष पेटला तो रस्त्यावर आला. १९६९ च्या कायद्याने पालकांना माध्यम निवडण्याची मुभा दिली. १९७४ च्या कायद्याने फ्रेंचला प्रांताची राजभाषा केले, पण इंग्रजी शाळेत जाऊ पाहणाऱ्या लहान मुलांची भाषापरीक्षा घेण्याची तरतूद आणली आणि तिने दोन्ही बाजू दुखावल्या.

१९७७ च्या कायद्याने मुलाची परीक्षा रद्द केली आणि निकष पालकाकडे नेला. आई किंवा वडील यांच्यापैकी एकाचे प्राथमिक शिक्षण क्वेबेकमध्ये इंग्रजीतून झाले असेल तरच मुलाला सरकारी खर्चाच्या इंग्रजी शाळेचा हक्क. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ‘क्वेबेकमध्ये’ऐवजी ‘कॅनडामध्ये’ अशी व्याप्ती वाढली. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना फ्रेंचमध्ये कामकाज होत असल्याचे प्रमाणपत्र आवश्यक झाले. व्यापारी पाट्या फक्त फ्रेंचमध्ये हव्यात ही अट १९८८ मध्ये न्यायालयाने अवैध ठरवली, प्रांताने घटनेतील विशेष तरतूद वापरून ती काही वर्षे टिकवली, आणि १९९३ पासून इतर भाषांना परवानगी मिळाली, मात्र फ्रेंच अक्षरे ठळकपणे वरचढ असली पाहिजेत. दुकानांच्या पाट्यांचा वाद मराठी वाचकाला नवा नाही, आणि म्हणूनच असेल, आपल्याकडे या कायद्याची चर्चा पाट्यांपाशीच थांबते. त्याचे खरे मर्म शाळाप्रवेशात होते. बाहेरून आलेल्यांची मुले फ्रेंच शाळांत गेली, आणि आज घरी अरबी, स्पॅनिश किंवा तमिळ, शाळेत फ्रेंच आणि मित्रांत इंग्रजी बोलणारी जी पिढी या शहरात सहज भेटते ती या एका कलमाचे फळ आहे. उत्तर अमेरिकेतल्या इंग्रजीच्या सागरात हे शहर फ्रेंच राहिले ते पाट्यांमुळे नव्हे, या मुलांमुळे.

कायद्याची किंमतही होती आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. जानेवारी १९७८ मध्ये एका मोठ्या विमा कंपनीने आपले मुख्यालय टोरांटोला नेण्याचे जाहीर केले आणि कारण म्हणून भाषेच्या कायद्याकडे बोट दाखवले. १९७६ ते १९८१ या पाच वर्षांत क्वेबेकने इतर प्रांतांशी झालेल्या ये-जा मध्ये एक लाखाच्या वर इंग्रजी मातृभाषकांची निव्वळ घट सोसली. त्यांत शिकलेले तरुण अधिक होते, आणि मागे राहिलेल्या आईवडिलांच्या वाट्याला जे आले ते आकड्यांत मावणारे नाही. क्वेबेकच्या स्वातंत्र्याच्या प्रश्नावर झालेल्या १९८० आणि १९९५ च्या सार्वमतांनी अनिश्चितता लांबवली; दुसऱ्या वेळी क्वेबेक कॅनडात राहिला तो ५०.५८ टक्क्यांच्या काठावर. पण आधीपासून वाहत्या प्रवाहाला कायद्याने वेग दिला असे म्हणणे आणि प्रवाह कायद्यानेच सुरू केला असे म्हणणे यांत मोठे अंतर आहे. दोन मोठ्या बँकांची नोंदणीकृत मुख्यालये आजही मॉन्ट्रियलमध्येच आहेत आणि कारभार मात्र टोरांटोतून चालतो. ही वाटणी बाजाराने केलेली आहे.

पाहुण्याला आणि भाडेकरूला मॉन्ट्रियल जे आवडते त्याचा बराचसा भाग या मंदावलेल्या दशकांनीच राखून ठेवला. जुना बंदरभाग १९६४ मध्ये संरक्षित जाहीर झाला होता. १९७३ मध्ये एका रेल्वेसम्राटाचा वाडा पाडला गेल्यावर जतनाची चळवळ उभी राहिली, आणि त्यानंतर पाडण्याइतका पैसाही शहरात उरला नव्हता. प्लातो भागातली तीन मजली घरे पाहावीत. वरच्या मजल्याला जायला रस्त्याच्या बाजूने वळत चढणारा लोखंडी जिना असतो, कारण जिना बाहेर काढला की आतली एक खोली वाचत असे. थंडीत त्याच्या पायऱ्यांवर बर्फ धरतो आणि भाडेकरू सकाळी आधी मीठ टाकतो, मग उतरतो. ही घरे कामगारांसाठी बांधलेली होती आणि आज ती शहराची ओळख आहेत. भाडेकरार बहुधा ३० जूनला संपत असल्याने १ जुलै हा गावभर सामान हलवण्याचा दिवस असतो.

भाड्यातला फरक केवळ मागणी-पुरवठ्याचा नाही, कायद्याचाही आहे. क्वेबेकमध्ये करार आपोआप पुढे चालू राहतो, घरमालकाला नव्या भाडेकरूला आधीचे भाडे लेखी सांगावे लागते आणि वाढीचा वाद न्यायाधिकरणापुढे नेता येतो. ओंटारिओत १५ नोव्हेंबर २०१८ नंतर प्रथमच वापरात आलेल्या घरांवर वार्षिक भाडेवाढीची कमाल मर्यादा लागू नाही, आणि टोरांटोतले नवे काचेचे मनोरे नेमके याच वर्गात येतात. मॉन्ट्रियलची भाडीही गेल्या काही वर्षांत झपाट्याने वाढली आहेत, त्यामुळे जुन्या ऐकीव आकड्यांवर विसंबून बेत आखू नये. १९९७ पासूनची अल्पदरातील पाळणाघरे आणि जलविद्युतीमुळे स्वस्त असलेली वीज या क्वेबेकच्या जमेच्या बाजू. चढे प्रांतिक प्राप्तिकर ही दुसरी बाजू.

टोरांटोबद्दल इथे कमी लिहिले आहे, कारण त्याची वाढ सरळ चढणीची आहे. तरी एक गोष्ट नोंदवायला हवी. १९७१ मध्ये मध्यवस्ती चिरत जाणारा द्रुतगती मार्ग नागरिकांच्या विरोधामुळे थांबला आणि १९७२ मध्ये ट्राम मोडीत न काढण्याचा निर्णय झाला. आज पाहुणा ज्या जुन्या मोहल्ल्यांतून पायी हिंडतो ते त्यामुळे उरले. १ जानेवारी १९९८ रोजी सहा नगरपालिका एकत्र करून आजचे शहर बनवण्यात आले, तेही आदल्या वर्षीच्या मतदानात सुमारे तीन चतुर्थांश मतदारांनी नकार दिला असताना. मॉन्ट्रियलमध्ये असेच एकत्रीकरण २००२ मध्ये झाले, पण तिथे २००४ च्या कौलानंतर पंधरा गावांना पुन्हा वेगळे होता आले.

१९६७ मध्ये कॅनडाने गुणांवर आधारित स्थलांतर सुरू केले आणि भारतीयांना वाट खुली झाली, तेव्हा टोरांटोची चढण ऐन जोरात होती. मराठी कुटुंबे प्रामुख्याने टोरांटो, मिसिसागा आणि ब्रॅम्प्टनच्या पट्ट्यात वसली याचे कारण इंग्रजी जितके, तितकाच हा काळाचा योग. क्वेबेक १९७८ पासून, आणि १९९१ च्या करारानंतर अधिक ठामपणे, आपले आर्थिक स्थलांतरित स्वतः निवडतो आणि फ्रेंच येणाऱ्याला झुकते माप देतो. मे २०२२ मध्ये संमत झालेल्या कायद्याने चौकट आणखी आवळली: फ्रेंचमध्ये कामकाजाचे बंधन १ जून २०२५ पासून पंचवीस ते एकोणपन्नास कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांनाही लागू झाले आणि तात्पुरत्या परवान्यावर आलेल्या कुटुंबांच्या मुलांना इंग्रजी शाळेची जी सूट मिळते ती साधारण तीन वर्षांपुरती राहिली. इंग्रजी विद्यापीठांतील प्रवेशाला शाळेचा हा निकष लागू होत नाही, म्हणून एकट्या विद्यार्थ्याला या शहरात फारशी अडचण जाणवत नाही. शाळकरी मुले घेऊन कामाच्या परवान्यावर जाणाऱ्या जोडप्याने मात्र घर शोधण्याआधी मुलांच्या शाळेचा प्रश्न सोडवून घ्यावा, कारण सूट संपल्यावर शासकीय अनुदानावर चालणाऱ्या इंग्रजी शाळेचे दार बंद होते आणि चौथी-पाचवीतल्या मुलाला एकदम फ्रेंचमधून गणित शिकावे लागते.