प्रोफेशनल मेकअपचं शिक्षण

प्रोफेशनल मेकअप शिकणं म्हणजे दुसऱ्याच्या चेहऱ्यावर, पैसे घेऊन आणि तो चेहरा कुठल्या उजेडात किती तास दिसणार आहे याचा हिशोब करून काम करायला शिकणं. स्वतःचा मेकअप झकास जमतो म्हणून हे जमेलच असं नाही. मराठीत जुना शब्द रंगभूषा, पण तो आता नाटक-सिनेमापुरता उरलाय.

क्लासमध्ये बेस, म्हणजे चेहऱ्यावरचा फाउंडेशनचा थर, आधी शिकवतात. त्वचा तेलकट, कोरडी की मिक्स, तिची छटा पिवळसर, गुलाबीसर की मधली म्हणजे अंडरटोन काय, हे ओळखायचं आणि फाउंडेशन मनगटावर न लावता जबड्याच्या कडेला लावून खिडकीच्या उजेडात बघायचं. डोळ्याखालच्या निळसर काळेपणावर नारिंगी करेक्टर, लालसर डागांवर हिरवा, कारण विरुद्ध रंग एकमेकांना मारतात. सावळ्या चेहऱ्यावर दोन शेड उजळ बेस थापला की तो राखाडी दिसतो आणि मान वेगळी दिसते, तरी "जरा गोरं करा हं" ही फर्माईश येतेच, मग क्लायंटला न दुखावता नाही म्हणणं हेही शिकावं लागतं (ते मात्र सिलॅबसमध्ये नसतं).

सगळ्यात जास्त वेळ जातो ब्रायडलवर, आणि मराठी नवरीचं गणित वेगळंच असतं. हळदीचा पिवळेपणा केसांच्या कडेला आणि मानेवर राहतो त्यामुळे ट्रायलला जुळलेली शेड लग्नादिवशी जुळत नाही, हळद तेलात विरघळते म्हणून नुसत्या फेसवॉशपेक्षा ऑइल क्लेन्झरने आधी पुसून घेतलेलं बरं. मुंडावळ्या कपाळावर बसतात आणि दोन्ही बाजूंनी गालांवर घासत राहतात, म्हणजे तिथला बेस पातळ ठेवून पावडरने नीट सेट करायचा. नथ वरच्या ओठाला लागते, त्यामुळे लिपस्टिक न पसरणारी मॅटच हवी. होमाच्या धुराने डोळ्यांतून पाणी येतं, म्हणून वॉटरप्रूफ मस्कारा घ्यायचा आणि खालच्या पापणीच्या आत काजळ जपून. शिवाय मुहूर्त सकाळचा असेल तर आर्टिस्ट पहाटे चारला दारात, आणि खोपा, नऊवारी, चंद्रकोर हे सगळं त्याच वेळात बसवायचं, वर मावशी आणि करवल्या "माझं पण पटकन करून दे" म्हणून रांगेत.

फोटोसाठीचा एक धडा बहुतेक जणी एकदा चुकूनच शिकतात. टायटॅनियम डायऑक्साइड किंवा झिंक ऑक्साइडवालं सनस्क्रीन आणि सिलिकाची पांढरी एचडी पावडर जास्त झाली की फ्लॅशमध्ये चेहरा पांढराफटक येतो, आरशात मात्र काहीच दिसत नाही. म्हणून क्लायंटला सोडण्याआधी मोबाईलचा फ्लॅश मारून एक फोटो काढून बघायचा.

पन्नाशी-साठीच्या क्लायंटला पावडर कमी आणि क्रीम जास्त, कारण पावडर सुरकुत्यांत जाऊन बसते आणि डोळ्यांवरचा शिमर त्या रेषा उठून दाखवतो. नवरदेवाला मेकअप कळता कामा नये, दाढीचा निळसर भाग झाकला आणि चमक काढली की झालं. पुरळ असलेल्या त्वचेवर घासाघाशी नको, आणि कुणाला ॲलर्जी असेल तर पॅच टेस्ट आदल्या दिवशीच.

स्टेज हा पूर्ण वेगळा विषय आहे. शेवटच्या रांगेतून दिसावं म्हणून भुवया, डोळे, गाल ठळक काढतात, तोच चेहरा क्लोजअपमध्ये भडक दिसेल. कोकणातल्या दशावतारात तर कलाकार आपापला रंग स्वतःच लावतात, क्लास वगैरे नाही, जुन्यांचं बघून बघून हात बसतो.

स्वच्छतेत सूट नाही. ब्रश प्रत्येक क्लायंटनंतर धुवून ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचे, मस्काऱ्याला डिस्पोजेबल कांडी, लिपस्टिक थेट ओठांवर न लावता पॅलेटवर काढून. क्लास निवडताना फीच्या आधी हेच बघावं.

सर्टिफिकेटवर फार कुणी काम देत नाही, काम बघून देतात. सिनेमात मात्र युनियनचं कार्ड लागायचं, आणि मुंबईच्या चित्रपटसृष्टीत ते मेकअप आर्टिस्ट म्हणून कित्येक दशकं फक्त पुरुषांनाच मिळायचं, बायकांनी हेअर ड्रेसर व्हायचं. मेकअप आर्टिस्ट चारू खुराणा आणि इतरांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०१४ मध्ये हा नियम बेकायदा ठरवला. लग्नाच्या हॉलमध्ये बायका हे काम त्याच्या कितीतरी आधीपासून करत होत्या, तिथे कार्ड कुणी मागितलंच नव्हतं.