पाण्यावरच्या घरातली पहिली रात्र

"सपनं पडली न्हवं रात्री?"

चुलीपाशी बसलेल्या आज्जींनी चहाची कपबशी माझ्यापुढं सरकवली आणि मी तोंड उघडायच्या आधीच विचारलं. मी चपापलो. कारण पडली होती, आणि एक-दोन नव्हती. एका स्वप्नात मी टिळकवाडीतल्या आमच्या घराचा जिना उतरत होतो आणि शेवटच्या चार पायऱ्या पाण्याखाली होत्या. दुसऱ्यात माझे वडील होडीत उभं राहून मला कानडीत काहीतरी समजावत होते. वडिलांना जाऊन अकरा वर्षं झाली, घरात आम्ही कधी कानडी बोललो नाही, तरी मला सगळं नीट कळत होतं. त्यांच्या सदऱ्याची तुटलेली गुंडीसुद्धा दिसत होती. एरवी महिनोन्महिने मला एकही स्वप्न आठवत नाही.

"नवी जागा हाय मास्तर, पडत्यातच," असं म्हणून आज्जी भाकरी थापायला लागल्या.

ही गोष्ट हिडकलच्या बॅकवॉटरमधली. घटप्रभेवरचं हे धरण बेळगाव जिल्ह्यातल्या हुक्केरी तालुक्यात आहे. ते १९७७ साली पूर्ण झालं आणि त्याच्या पोटात ५१ टीएमसी पाणी मावतं. पावसाळा सरून जलाशय काठोकाठ भरला की आतली काही टेकाडं चारी बाजूंनी पाण्यानं वेढली जातात. त्यातल्याच एका टेकाडावर एका मराठी कुटुंबाचं कौलारू घर आहे आणि ते लोक पाहुण्यांना पडवीलगतची एक खोली देतात. जायचं होडीनं. रात्री ज्वारीची भाकरी, माशाची आमटी, अंगावर घोंगडी. बाकी काही सोय नाही आणि ती नाही म्हणूनच माझ्यासारखे लोक जातात. उन्हाळ्यात पाणी मागं हटलं की याच जलाशयातून हुन्नूरचं जुनं विठ्ठल मंदिर वर येतं आणि माणसं चालत दर्शनाला जातात. आज्जींचं सासरचं गाव मात्र वर येत नाही, ते फार खोलात आहे.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. आज्जींचं म्हणणं मनातून जाईना. नव्या जागी खरंच जास्त स्वप्नं पडतात का? घरी आल्यावर वाचत बसलो आणि पहिल्याच टप्प्यावर अडखळलो, कारण झोपेच्या प्रयोगशाळांमधल्या नोंदी नेमकं उलटं सांगतात.

आधी स्वप्नांची वेळ समजून घेऊ. शिकागो विद्यापीठात युजीन ॲसेरिन्स्की नावाचा एक विद्यार्थी झोपलेल्या माणसांच्या डोळ्यांच्या हालचाली मोजत होता. १९५१च्या डिसेंबरात त्यानं आपल्या आठ वर्षांच्या मुलालाच, आर्मंडला, यंत्राला जोडून झोपवलं. रात्री मधेच कागदावरच्या रेघा जाग्या माणसासारख्या उड्या मारायला लागल्या. मुलगा उठला असेल म्हणून तो बघायला गेला, तर पोरगं गाढ झोपलेलं. फक्त पापण्यांखाली बुबुळं भराभरा फिरत होती. त्याचा आणि त्याचे गुरू नथानिएल क्लाइटमन यांचा लेख १९५३ साली छापून आला आणि या झोपेला 'रॅपिड आय मूव्हमेंट' या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून 'रेम' हे नाव पडलं. या अवस्थेत माणसाला उठवलं तर दहापैकी आठ वेळा तरी तो स्वप्न सांगतो. साध्या झोपेतही स्वप्नं पडतात, पण बहुधा ती तुटक आणि फिकी असतात. रंगीत, लांबलचक, माणसांनी भरलेली स्वप्नं बहुतेक रेममधली.

रात्रभर आपण सुमारे दीड-दीड तासाची चार-पाच आवर्तनं करतो. पहिल्या आवर्तनात रेम जेमतेम काही मिनिटांचं असतं, पहाटेच्या आवर्तनात ते अर्ध्या तासाच्याही पुढं जातं. मोठ्या माणसाच्या एकूण झोपेचा साधारण २० ते २५ टक्के भाग रेमचा. म्हणजे स्वप्न आठवो न आठवो, तुम्ही-आम्ही रोज दीड-दोन तास त्या जगात असतो.

आता गंमत बघा. प्रयोगशाळेत झोपायला आलेल्या माणसांची पहिली रात्र नेहमीच बिघडते. ही गोष्ट १९६६ साली रीतसर नोंदली गेली आणि तिला 'पहिल्या रात्रीचा परिणाम' असं नाव मिळालं. झोप उशिरा लागते, मधे मधे मोडते, पहिलं रेम उशिरानं येतं आणि एकूण रेम कमी होतं. कित्येक संशोधक तर पहिल्या रात्रीच्या नोंदी सरळ बाजूला ठेवतात. रेम कमी म्हणजे स्वप्नांना वेळही कमी. मग आज्जींचं आणि माझं काय? आम्हा दोघांचा अनुभव खोटा?

खोटा नाही. स्वप्न पडणं वेगळं आणि ते आठवणं वेगळं, हे लक्षात आलं की कोडं सुटतं.

जागेपणी एखादी गोष्ट मनावर पक्की व्हायला मेंदूत नॉरॲड्रेनॅलिन नावाचं रसायन हातभार लावतं. रेममध्ये ते जवळजवळ बंद असतं. त्याखेरीज २०१९ साली उंदरांवर झालेल्या संशोधनात मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागात काही पेशी अशा सापडल्या, की त्या रेममध्ये चेतवल्या जातात आणि आठवणी पुसायला मदत करतात. थोडक्यात, स्वप्न दिसत असतानाच ते विसरायची व्यवस्था चालू असते. त्यातून एखादं स्वप्न वाचवायचं तर ते चालू असताना किंवा नुकतंच संपताना माणूस क्षणभर तरी जागा व्हायला हवा. फ्रान्समधल्या लिआँ शहरात पेरिन रूबी आणि सहकाऱ्यांनी ज्यांना स्वप्नं खूप आठवतात आणि ज्यांना क्वचितच आठवतात अशा दोन गटांची झोप मोजली. पहिल्या गटातली माणसं झोप लागल्यानंतर रात्रभरात मिळून सुमारे अर्धा तास जागी होती, दुसऱ्या गटातली त्याच्या निम्मा वेळ. आवाजांनाही पहिल्या गटाचा मेंदू जास्त दाद देत होता.

त्या टेकाडावर मी किती वेळा जागा झालो होतो ते आठवतं. होडी दगडाला घासायची. पडवीतलं कुत्रं एकदा गुरगुरलं. दोरखंड ताणल्याचा एक बारीक कुरकुर आवाज तर दर थोड्या वेळानं येई आणि प्रत्येक वेळी मी डोळे उघडून कौलांतून येणारा उजेडाचा ठिपका बघून परत झोपे. घरी बायको रात्री मिक्सर लावते तरी मला जाग येत नाही. मग या एवढ्याशा कुरकुरीनं का यावी?

याचं उत्तर मला सगळ्यांत आवडलं. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात मासाको तामाकी आणि युका सासाकी यांच्या गटानं २०१६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. नव्या जागी झोपलेल्या निरोगी माणसांच्या मेंदूचे दोन्ही अर्धगोल त्यांनी वेगवेगळे मोजले. पहिल्या रात्री, गाढ झोपेत, डावा अर्धगोल उजव्यापेक्षा उथळ झोपला होता. उजव्या कानाशी, म्हणजे डाव्या अर्धगोलाला जास्त पोचेल असा, वेगळाच बारीक आवाज केला की माणूस लवकर जागा व्हायचा. डाव्या कानाशी केला तर तेवढा नाही. आठवड्यानं तीच माणसं त्याच खोलीत पुन्हा झोपली तेव्हा हा फरक उरला नव्हता. जागा ओळखीची झाली होती.

आपल्याकडं शेतावर रात्री दोघं राखणीला असले की एक झोपतो, एक बसतो. मेंदू हेच काम एकट्यानं दोन अर्ध्यांत वाटून घेतो. डॉल्फिन तर एका वेळी अर्धाच मेंदू झोपवतात. आणि बदकं! मॅलार्ड जातीची बदकं ओळीनं झोपवून नील्स रॅटनबोर्ग आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली पाहिलं, की ओळीच्या टोकाला असलेलं बदक एक डोळा उघडा ठेवून झोपण्याचं प्रमाण मधल्या बदकापेक्षा अडीच पट वाढवतं आणि उघडा डोळा बाहेरच्या बाजूचा, जिथून धोका यायचा तिकडचा असतो. त्या सकाळी आज्जींच्या घरामागच्या काठावर हळदीकुंकू बदकांचा थवा बसला होता. हे बदक मॅलार्डचं जवळचं भाऊबंद. मी चहा घेऊन कितीतरी वेळ त्यांच्याकडं बघत बसलो होतो. कडेचं एक बदक मान पाठीत खुपसून निश्चल होतं. माझी सावली पाण्यावर पडली तेवढ्यात ते सरकलं, बाकीची झोपलेलीच. तेव्हा मला या प्रयोगाची काहीच माहिती नव्हती. आता ते बदक आठवलं की वाटतं, त्या रात्री मीही ओळीच्या टोकालाच होतो.

ब्राउनचा प्रयोग स्वप्नांवर नव्हता, हे सांगायला हवं. त्यांनी रात्रीच्या सुरुवातीची गाढ झोप मोजली. पण मोडणारी झोप, त्यातून रेमच्या मधेच येणारी जाग आणि त्या जागेत हाती लागणारं स्वप्न, हा दुवा जोडायला मला अडचण वाटत नाही. त्यात पहाटेची थंडीही भर घालते. रेममध्ये शरीर आपलं तापमान सांभाळायचं काम जवळजवळ सोडून देतं. नेमक्या त्याच वेळी, पहाटे, पाण्यावरून गार वारा सुटतो आणि घोंगडी पायाशी गेलेली असते.

राहिला प्रश्न पाण्याचा. माझ्या जिन्याच्या पायऱ्या बुडाल्या कशा? 'मनी वसे ते स्वप्नी दिसे' हे खरंच, पण कानी आणि अंगी पडेल तेही स्वप्नी दिसतं. विल्यम डिमेंट आणि एडवर्ड वोल्पर्ट यांनी १९५८ साली रेममध्ये असलेल्या माणसांवर हळूच गार पाण्याचा शिडकावा केला आणि थोड्या वेळानं उठवून स्वप्न विचारलं. ४२ टक्के स्वप्नांत पाणी कुठल्या ना कुठल्या रूपात शिरलं होतं. उजेडाचा झोत २३ टक्के स्वप्नांत, साधा सूर फक्त ९ टक्के. मला यातलं विशेष हे वाटतं, की झोपलेला मेंदू बाहेरची खबर नाकारत नाही, चालू गोष्टीत तिला जागा करून देतो. माझ्या उशापासून पाच-सहा हातांवर रात्रभर लाटा थपथपत होत्या. त्यांना माझ्या घराच्या जिन्यात जागा मिळाली.

असंच काहीसं, पण फार मोठ्या प्रमाणावर, माझ्या निपाणीच्या मावसबहिणीनं अनुभवलं. ती कामानिमित्त दक्षिण अमेरिकेत होती आणि पेरूमध्ये टिटिकाका सरोवरातल्या अमांतानी बेटावर एक रात्र राहिली. तिथं केचुआ बोलणारी कुटुंबं आळीपाळीनं पाहुण्यांना घरी ठेवून घेतात. बटाट्याचं सूप, मातीच्या भिंती, चार चार जाड पांघरुणं. दुसऱ्या दिवशी तिचा निरोप आला, 'दादा, रात्रभर तंबाखूचं पोतं डोक्यावर घेऊन घाट चढत होते. दर वळणावर श्वास बंद पडायचा.'

तिच्या स्वप्नाला नवी जागा हे एकच कारण नव्हतं. ते सरोवर समुद्रसपाटीपासून ३,८१२ मीटर उंचीवर आहे, आपलं बेळगाव साधारण ७५० वर. तिथल्या एका श्वासात समुद्रकाठच्या श्वासाच्या दोन-तृतीयांशापेक्षाही कमी प्राणवायू असतो. त्यामुळं झोपेत श्वास आपोआप वेगानं चालतो. वेगानं चालला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो. आणि श्वास घ्यायची आठवण मेंदूला मुख्यत्वे तोच वायू करून देतो. तो कमी पडला की आठवण थांबते, श्वासही काही सेकंद थांबतो. मग प्राणवायू खाली येतो आणि माणूस धापा टाकत दचकून अर्धवट जागा होतो. पुन्हा वेगानं श्वास, पुन्हा थांबा. इटलीतल्या अँजेलो मोसो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आल्प्समधल्या माँटे रोझावर हे चढउतार नोंदवले होते. टेकाडावर जे काम होडीच्या दोरखंडानं केलं, ते अमांतानीवर तिच्याच छातीनं केलं. दर वळणावर श्वास बंद पडला तो स्वप्नातही आणि खरोखरही. निरोगी माणसाला हे बहुधा चार-दोन रात्रींत सोसतं, पण डोकं दुखून मळमळत असेल, चालताना तोल जात असेल तर 'स्वप्नं पडतात' म्हणून तिथंच बसून राहू नये, खाली उतरावं.

रेम आणि प्रवास या दोन्हींचा ध्यास असलेला एक शास्त्रज्ञ होता, लिआँचाच मिशेल जुव्हे. रेममध्ये शरीराचे स्नायू लुळे पडतात, ते मांजरांवरच्या प्रयोगांतून उलगडणारा. स्वतःची अडीच हजारांवर स्वप्नं त्यानं लिहून ठेवली होती. त्यात त्याला दिसलं, की प्रवासातल्या नव्या जागा स्वप्नात लगेच येत नाहीत, सात-आठ दिवसांनी उगवतात. माझंही नीट आठवलं तर तसंच होतं. टेकाडावर मला टेकाड दिसलं नाही, दिसलं आमचं घर आणि आमचे वडील.

घरी आल्यापासून उशाशी वही ठेवायला लागलो. जाग आली की कूस न बदलता पडून राहायचं, आधी आठवायचं, मग लिहायचं. ताडकन उठलं की सगळं निसटतं. आठव्या दिवशी पहाटे वहीत पहिल्यांदा आज्जींची पडवी आली. चूल होती, भाकरीचा वास मात्र नव्हता.

त्या दुपारी मी फोन लावला. नातवानं फोन आज्जींकडं दिला. मी त्यांना बदकांचं सांगितलं, अर्ध्या मेंदूचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "असंल बघा."

मग मी विचारलं, "आज्जी, तुम्हाला काय दिसतं हो?"

"मला जुनं घरच दिसतंय. परसातली चिंच, हौद, सगळं हाय तिथंच." त्या थोडं थांबल्या. "पण मास्तर, इतकी वर्सं पाण्यात ऱ्हातोय आम्ही, सपनात पाणी एकदा बी दिसलं न्हाई. गाव आपलं कोरडंच असतंय."