आंब्याच्या खोडाची नाकाबंदी

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या अंगणात दशेरीचं जुनं झाड आहे. एका फेब्रुवारीत मोहोराच्या देठांवर पांढरं काही दिसलं. सासूबाई म्हणाल्या, "पाला पडलाय." (आमचा 'पाला' हिंदीतला, गोठलेल्या दंवाचा; झाडपाल्यातला नव्हे.) बोट लावलं तर तो पाला चालू लागला! पिठ्या ढेकूण, झाडाचा रस शोषणारी कीड. खालच्या पानांवर ढेकणांनी सोडलेला चिकटा, चिकट्यावर काजळी (काळी बुरशी) धरलेली, आणि तो गोड चिकटा चाटायला मुंग्यांची रांग. याच मुंग्या ढेकणांवर टपलेल्या ढालकिड्यांना हुसकावून लावतात.

फवारणी केली, तर औषध ओघळून गेलं. वाढलेल्या ढेकणाच्या अंगावर मेणकट भुकटी असते. खरं तर आम्हाला दोन महिने उशीर झाला होता.

पंख असतात ते फक्त नराला. मादी एप्रिल-मे मध्ये खोडावरून पायीच खाली उतरते, बुंध्याजवळच्या मातीत कापसासारख्या पिशवीत 300-400 अंडी घालते आणि मरते. लू (उन्हाळ्यातला गरम वारा), पावसाळा, दिवाळी, सगळं अंडी मातीतच काढतात. डिसेंबर-जानेवारीत पिल्लं बाहेर पडतात आणि झाडाकडे निघतात, तीही पायीच. वर्षाला पिढी एकच, आणि चढायची वाट म्हणजे खोड.

म्हणून आता डिसेंबरच्या मध्यालाच जमिनीपासून साधारण 30 सेंटीमीटर उंचीवर 400 गेज जाडीच्या प्लॅस्टिकची वीतभराहून थोडी रुंद पट्टी गुंडाळतो. आधी सालीच्या भेगा चिकणमातीनं लिंपायच्या, नाहीतर पिल्लं प्लॅस्टिकखालून सरळ वर जातात. वर-खाली सुतळी आवळायची, खालच्या कडेला ग्रीस. ग्रीस प्लॅस्टिकवरच लावायचं, सालीला नाही.

जानेवारीच्या धुक्यात टॉर्च घेऊन पट्टीपाशी बसावं. तीळभर तांबूस पिल्लू खडबडीत सालीवरून नखं रोवत झपझप येतं, गुळगुळीत प्लॅस्टिकवर पाय टाकतं, नखांना काहीच सापडत नाही, घसरतं. पुन्हा चढतं. पट्टीखाली अशी झुंबड जमते. ती रोज ब्रशनं साबणाच्या पाण्यात झाडायची. मे महिन्यात बुंध्याभोवतीची माती उकरली की राहिलेली अंडी उन्हात भाजून निघतात.

पहिल्या वर्षी एवढं करूनही वर थोडे ढेकूण दिसलेच. एक फांदी कुंपणाच्या भिंतीला टेकली होती, ती छाटली. शिवाय कपडे वाळत घालायची तार झाडालाच बांधलेली. ती सोडायला सासूबाई तयार होईनात. शेवटी तारेलाही झाडाजवळ ग्रीस फासलं, आणि पहिला डाग पडला तो त्यांच्याच नऊवारीवर.