भांगेचे झाड आणि रात्रीची लांबी

ऑगस्टच्या अखेरीस दिवस आखडू लागला की कोल्हापूर परिसरातील उसाच्या शेंड्यात असा एक बदल घडतो, जो बाहेरून कोणालाही दिसत नाही. तोवर एकामागून एक पाने काढणारा शेंड्याचा कोंब आतल्या आत फुलोरा घडवू लागतो, आणि दिवाळीच्या आगेमागे शिरोळ, हातकणंगले, करवीर या तालुक्यांतील फडांवर पांढरट तुरे डोलताना दिसतात. तुरा आला की त्या उसाची वाढ थांबते, पुढे कांड्यांत दशी पडते म्हणजे कांडी आतून पोकळसर होते, आणि साखरेचा उतारा घसरतो, म्हणून शेतकऱ्याला तो नकोसा असतो. मात्र तुरा नेमका याच काळात का यावा, या प्रश्नाचे उत्तर शोधणारी पहिली महत्त्वाची निरीक्षणे उसावर झाली नव्हती. ती झाली भांगेच्या आणि तिच्याच कुळातील हॉप या वेलीच्या रोपांवर, पॅरिसमध्ये, शंभरहून अधिक वर्षांपूर्वी. भांगेच्या झाडाचे बीजापासून बीजापर्यंतचे आयुष्य समजून घ्यायचे, तर त्या झाडाला रात्रीची लांबी कशी कळते हे समजून घ्यावे लागते.

त्याआधी कायद्याची बाजू स्पष्ट करणे आवश्यक आहे. गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ याच्या कलम ८ नुसार भांगेच्या झाडाची लागवड करण्यास मनाई आहे. घरातील कुंडी, गच्ची किंवा परसबाग यांना त्यात सूट नाही, आणि कलम २० नुसार या गुन्ह्यास १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी व १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. याच कायद्यात गांजाची व्याख्या करताना फुलोऱ्याचे किंवा फळे धरलेले शेंडे तेवढे धरले आहेत. शेंड्याविना असलेली पाने व बिया त्या व्याख्येतून वगळल्या आहेत, आणि त्यामुळेच पानांपासून बनणाऱ्या भांगेचे नियमन राज्यांच्या कायद्यांकडे राहिले आहे. धागा आणि बी यांसाठी लागवडीस परवानगी देण्याचा अधिकार कलम १४ ने सरकारला दिला आहे, आणि उत्तराखंडने नशा आणणाऱ्या द्रव्याचे प्रमाण अत्यल्प असलेल्या वाणांसाठी असे परवाने दिलेले आहेत. कोल्हापुरातील वाचकाने ही वनस्पती घरी लावून पाहावी असे म्हणूनच सुचवता येत नाही. सुदैवाने तिच्या आयुष्यातील सर्वांत रंजक भाग शेवंती, सोयाबीन आणि ऊस या झाडांतही जसाच्या तसा पाहता येतो.

आपण ज्याला भांगेचे बी म्हणतो ते वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एक कोरडे फळ असते. तीन ते पाच मिलिमीटर लांबीच्या, करड्या-तपकिरी कवचाच्या आत एकच बी असते आणि त्या बीमध्ये वाकलेला गर्भ व दोन जाड बीजपत्रे असतात. बियांच्या वजनापैकी सुमारे ३० टक्के तेल आणि सुमारे २५ टक्के प्रथिने असतात, आणि बियांच्या आत नशा आणणारी द्रव्ये तयार होत नाहीत. कुमाऊँमध्ये या बियांची चटणी पिढ्यान्‌पिढ्या केली जाते, तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये मर्यादा घालून देऊन हे बी व त्याचे तेल खाद्यपदार्थ म्हणून मान्य केले. रोपाच्या दृष्टीने मात्र हे तेल म्हणजे प्रवासाची शिदोरी आहे. ओलावा मिळताच गर्भातील विकरे तेलाचे साखरेत रूपांतर करू लागतात, आधी मूळ बाहेर पडते, मग खोडाचा आकडा माती दूर सारत वर येतो, आणि बीजपत्रे हिरवी होऊन स्वतः अन्न बनवू लागेपर्यंत सगळा खर्च याच साठ्यातून भागतो.

बीजपत्रांनंतर येणारी पहिली खरी पाने एकेका पर्णिकेची असतात, पुढच्या जोड्यांना तीन, मग पाच, सात, कधी नऊ पर्णिका येतात. सुरुवातीला पाने समोरासमोर असतात आणि फुलोऱ्याची वेळ जवळ आली की ती एकाआड एक येऊ लागतात. पर्णिकांची संख्याही पुन्हा कमी होत जाते. झाडाचे वय आणि अवस्था त्याच्या पानांवरून अशी वाचता येते. आपल्याकडे शेताच्या कडेने लावल्या जाणाऱ्या अंबाडीची हातासारखी विभागलेली पाने पाहून अनोळखी माणसाची फसगत होऊ शकते, परंतु अंबाडी भेंडी-जास्वंदीच्या कुळातील आहे आणि तिचा भांगेशी काहीही संबंध नाही. हिरवळीच्या खतासाठी पेरल्या जाणाऱ्या तागाचेही तसेच, तो हरभऱ्या-तुरीच्या कुळातला. धागा देणाऱ्या या तिन्ही वनस्पतींनी खोडाच्या सालीत बळकट तंतू घडवण्याची युक्ती स्वतंत्रपणे साधलेली आहे.

वाढीच्या या काळात झाड उंच होत राहते. ते फुलोऱ्याकडे कधी वळते, हा प्रश्न ज्युलियाँ तूर्न्वा या फ्रेंच अभ्यासकाला पडला, कारण हिवाळ्यात काचघरात पेरलेली भांगेची आणि हॉपची रोपे अगदी लहान असतानाच फुलत होती. तापमान, माती, पोषण अशी कारणे तपासून झाल्यावर त्याने रोपांना मिळणाऱ्या प्रकाशाचे तास कमी करून पाहिले आणि फुले लवकर येतात हे दाखवले. १९१४ मध्ये त्याने पुढचे पाऊल टाकले: दिवस लहान होण्यापेक्षा रात्र मोठी होणे हे या अकाली फुलण्याचे खरे कारण असावे, असे त्याने लिहिले. त्यानंतर लवकरच पहिल्या महायुद्धात तो मारला गेला. पाठ्यपुस्तकांत त्याचे नाव क्वचितच येते आणि मला हा त्याच्यावरचा मोठा अन्याय वाटतो, कारण त्याचे ते विधान बरोबर होते आणि ते सर्वांना पटायला पुढे दोन तपे लागली.

या शोधाचे श्रेय सामान्यतः वाइटमन गार्नर आणि हॅरी ॲलर्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांना दिले जाते. १९२० मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे काम तंबाखू आणि सोयाबीनवर होते. निपाणी-कागल पट्ट्यातील वाचकांना तंबाखूचे पीक अनोळखी नाही. परंतु गार्नर-ॲलर्ड यांच्याकडील ‘मेरिलँड मॅमथ’ हा वाण उन्हाळाभर नुसता उंच वाढत राही आणि थंडी आली तरी फुलत नसे. काचघरात हलवल्यावर तो हिवाळ्याच्या लहान दिवसांत फुलला. सोयाबीन वेगवेगळ्या तारखांना पेरूनही जवळपास एकाच सुमारास फुलते, हेही त्यांना दिसले होते. ठरावीक मर्यादेपेक्षा दिवस लहान झाल्यावर फुलणाऱ्या अशा वनस्पतींना त्यांनी लघुदिन वनस्पती असे म्हटले. भांग ही त्यांपैकीच एक.

नाव दिवसाचे असले तरी मोजमाप रात्रीचे असते, हे १९३८ मध्ये कार्ल हॅमनर आणि जेम्स बॉनर यांनी दाखवले. काटेरी फळे कपड्यांना चिकटवणाऱ्या एका तणावर त्यांनी प्रयोग केले. दिवसा मध्येच थोडा वेळ अंधार केला तर फुलण्यात काही फरक पडत नसे. लांब रात्रीच्या मध्यावर काही मिनिटे प्रकाश पाडला तर मात्र झाड फुलतच नसे. याचा पडताळा कोल्हापूर जिल्ह्यात सोयाबीनच्या हंगामात सहज घेता येतो. रस्त्यावरील दिव्याच्या थेट उजेडात येणारी सोयाबीनची झाडे, बाकीचे शेत पिवळे पडून काढणीला आले तरी हिरवीच राहतात, कारण त्यांच्यापुरती रात्र कधी पुरेशी लांब झालेलीच नसते. शेवंती पिकवणारे शेतकरी याच तत्त्वाचा जाणीवपूर्वक उपयोग करून सणाच्या तारखेला फुले आणतात.

प्रकाश ओळखण्याचे काम पानांतील फायटोक्रोम नावाचे प्रथिन करते. त्याची दोन रूपे असतात. सुमारे ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा प्रकाश त्याला क्रियाशील रूपात नेतो, आणि ७३० नॅनोमीटरच्या आसपासचा, आपल्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा अतितांबडा प्रकाश त्याला परत फिरवतो. पूर्वी असे समजत की अंधारात हे क्रियाशील रूप हळूहळू ओसरते आणि त्यावरूनच झाड रात्र मोजते. आता हे माहीत आहे की पेशींमध्ये सुमारे चोवीस तासांचे स्वतंत्र जनुकीय घड्याळ चालते आणि त्या घड्याळाच्या ठरावीक प्रहरी बाहेर अंधार आहे की उजेड, यावर निर्णय ठरतो. निर्णय पानात होतो, फूल मात्र शेंड्याला येते. पानातून शेंड्याकडे काहीतरी निरोप जात असला पाहिजे, असे मिखाईल चैलाख्यान या सोव्हिएत शास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात मांडले होते. तो निरोप म्हणजे रसवाहिन्यांतून वाहणारे एक लहानसे प्रथिन असल्याचे भात आणि मोहरीच्या कुळातील एका तणावर २००७ मध्ये सिद्ध झाले. म्हणजे सत्तर वर्षे लागली.

आता कोल्हापूरचे अक्षांश पाहू. हे शहर विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १६.७ अंशांवर आहे. येथील सर्वांत मोठा दिवस १३ तासांहून थोडा मोठा आणि सर्वांत लहान दिवस ११ तासांहून थोडा मोठा असतो. पॅरिसमध्ये हेच आकडे १६ आणि ८ तासांच्या जवळपास जातात. युरोपात धाग्यासाठी निवडलेले भांगेचे वाण त्या लांबच लांब उन्हाळी दिवसांत महिनोन्‌महिने उंच होतात आणि मगच फुलतात. तेच बी दख्खनमध्ये पेरले तर जूनचा सर्वांत मोठा दिवसही त्याला लहान वाटतो, झाड गुडघ्याएवढे असतानाच फुलोऱ्यावर येते आणि धागा हाती लागत नाही. ‘हेम्प (म्हणजे धाग्याची भांग) हे महाराष्ट्राचे नवे नगदी पीक’ अशा उत्साही घोषणा अधूनमधून कानावर येतात. त्या करणाऱ्यांनी कायद्याइतकाच या खगोलशास्त्रीय अडचणीचा विचार केला पाहिजे, असे माझे मत आहे. उलट उसाच्या संकरासाठी तुरा हवाच असतो, आणि वसंतदादा साखर संस्थेने आपले ऊस प्रजनन केंद्र आंबोलीच्या घाटमाथ्यावर उभारले आहे. शेतकऱ्याला नकोसा असलेला फुलोरा संशोधकासाठी नव्या वाणाची एकमेव वाट असतो.

फुलोरा आल्यावर भांगेच्या झाडाचे दुसरे वैशिष्ट्य उघड होते: नर आणि मादी झाडे वेगळी असतात, पपईप्रमाणे. गुणसूत्रांच्या दहा जोड्यांपैकी एक जोडी लिंग ठरवते. नर झाड सहसा थोडे आधी फुलते, त्याची लोंबती फुले वाऱ्यावर प्रचंड प्रमाणात पराग सोडतात, आणि ते काम संपले की झाड वाळून जाते. मादी फुलाला पाकळ्यांचा थाट नसतो. एका हिरव्या सहपत्रात गुंडाळलेला अंडाशय आणि बाहेर डोकावणारे दोन केसाळ कुक्षितंतू, एवढेच त्याचे रूप. कीटकांना बोलवायचे नसल्यामुळे मध आणि रंग यांवर खर्च करण्याची त्याला गरज पडत नाही.

या सहपत्रांवर सूक्ष्म देठांच्या टोकाला गोल डोके असलेल्या ग्रंथी दाटीने असतात, आणि राळ तेथेच तयार होते. कॅनाबिजेरॉलिक आम्ल या एकाच मूळ द्रव्यापासून, झाडात कोणते विकर आहे त्यानुसार, नशा आणणारे टीएचसी किंवा नशा न आणणारे सीबीडी यांची आम्लरूपे बनतात. म्हणून धाग्याचे वाण आणि गांजाचे वाण यांतील फरक बहुतांशी थोड्याच जनुकांचा आहे. ही द्रव्ये झाडाला कशासाठी हवीत, याबाबत कीड, तृणभक्षी प्राणी आणि अतिनील किरण यांपासून संरक्षण अशी स्पष्टीकरणे दिली जातात. माणसाच्या मेंदूशी झाडाला काही देणेघेणे नाही. राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी १९६४ मध्ये टीएचसी वेगळे करून त्याची रचना निश्चित केली, आणि त्याला प्रतिसाद देणारे ग्राहक (रिसेप्टर) मेंदूत असल्याचे १९८८ मध्ये दिसून आले. स्मृती आणि हालचालींचा तोल सांभाळणाऱ्या भागांत हे ग्राहक विशेष दाट असतात. वाढत्या वयातील मेंदूच्या जडणघडणीतही त्यांचा सहभाग असल्यामुळे किशोरवयातील नियमित सेवन डॉक्टर अधिक धोक्याचे मानतात.

पराग पोचला की कुक्षितंतू तपकिरी होऊन आक्रसतात आणि झाडाचा रोख बियांकडे वळतो. पानांतील नत्र हळूहळू काढून घेऊन बियांत साठवले जाते, पाने खालून पिवळी पडत जातात, आणि बी पक्व झाल्यावर मादी झाडही वाळते. येथे पिकवलेले झाड आणि रानटी झाड यांच्या वाटा वेगळ्या होतात. माणसाने हजारो वर्षे बियांसाठी निवडलेल्या वाणांत बी मोठे असते आणि कापणीपर्यंत कणसात टिकून राहते. हिमालयाच्या उतारांवर आपोआप उगवणाऱ्या झाडांचे बी लहान असते, तळाशी तुटण्याची रेषा असल्यामुळे पिकताच गळून पडते, आणि एकाच वेळी न रुजता थोडे या वर्षी, थोडे पुढच्या वर्षी असे उगवत राहते.