ब्रेनस्टॉर्मिंग

एखादा नेमका प्रश्न घ्यायचा, त्यावर ठरावीक वेळात सुचतील तितक्या कल्पना काढायच्या आणि त्यांची पारख नंतर करायची, अशी ही पद्धत आहे. मराठीत तिला ‘विचारमंथन’ म्हणतात. पण परिसंवादांच्या निमंत्रणपत्रिकांनी हा शब्द इतका झिजवला आहे की चार भाषणे आणि चहापान एवढाच अर्थ त्यात उरला आहे. त्यामुळे कचेऱ्यांत आणि महाविद्यालयांत ‘ब्रेनस्टॉर्मिंग’च रुळले. मुळात इंग्रजीत हा शब्द तात्पुरत्या वेडाच्या झटक्यासाठी वापरला जाई.

त्याला आजचा अर्थ मिळाला तो अमेरिकेतील जाहिरात व्यावसायिक ॲलेक्स ऑस्बॉर्न (१८८८–१९६६) यांच्यामुळे. ते ‘बीबीडीओ’ या जाहिरात संस्थेच्या संस्थापकांपैकी एक. नावातला शेवटचा ‘ओ’ त्यांचाच. १९३० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी संस्थेत अशा बैठका सुरू केल्या आणि १९५३ च्या ‘अप्लाइड इमॅजिनेशन’ या पुस्तकात पद्धत सविस्तर मांडली. बैठकीचे नियम चार: कुणाच्याही कल्पनेवर टीका करायची नाही, कल्पना जितकी अचाट तितकी चांगली, संख्या वाढवायची, आणि दुसऱ्याच्या कल्पनेत भर घालायची, दोन कल्पना जोडून तिसरी करायची. यांपैकी पहिला नियम सर्वांत महत्त्वाचा. सुचणे आणि तपासणे ही कामे एकाच वेळी केली तर दुसरे पहिल्याचा गळा धरते, असे त्यांचे निरीक्षण होते. प्रश्न मोघम नसावा, यावरही त्यांचा भर होता. ‘विक्री कशी वाढवावी’ यापेक्षा ‘पावसाळ्यात दुकानात येणारे गिऱ्हाईक कसे टिकवावे’ यावर डोके जास्त चालते.

भारतीय वाचकाला गंमत वाटेल अशी एक नोंद याच पुस्तकात आहे. असाच प्रकार भारतातील हिंदू आचार्य चारशेहून अधिक वर्षे वापरत आले असून त्याचे नाव ‘प्राय-बर्शना’ आहे, असे ऑस्बॉर्न सांगतात. शब्द अर्थातच ओळखीचा वाटत नाही. गीतेच्या चौथ्या अध्यायातील ‘परिप्रश्नेन सेवया’ मधला ‘परिप्रश्न’ ऐकण्या-सांगण्यात असा बदलला असावा, हा केवळ तर्क. परिप्रश्नात मात्र शिष्य गुरूला खोदून खोदून विचारतो. टीका बंद ठेवण्याचा तिथे प्रश्नच येत नाही.

एकटा माणूस गटात बसला की दुप्पट कल्पना काढतो, हा ऑस्बॉर्न यांचा दावा पुढे टिकला नाही. १९५८ मध्ये येल विद्यापीठात टेलर, बेरी आणि ब्लॉक यांनी तो तपासला. काही विद्यार्थ्यांना चौघाचौघांच्या गटात बसवले, तर काहींना एकेकटे. एक प्रश्न असा होता: माणसाच्या प्रत्येक हाताला एक जादा अंगठा आला तर काय फायदे होतील, काय अडचणी येतील? नंतर एकट्याने काम केलेल्या चौघांच्या याद्या एकत्र केल्या आणि सामाईक कल्पना एकदाच मोजल्या. तरीही या कागदोपत्री गटांनी खऱ्या गटांपेक्षा जवळजवळ दुप्पट कल्पना दिल्या होत्या. पुढच्या अनेक प्रयोगांतही खरे गट मागेच पडले.

कारणे तीन सांगितली जातात. लोक काय म्हणतील ही भीती नियम सांगून जात नाही. साहेब समोर असतील तर नाहीच नाही. काही जण इतरांच्या जिवावर निवांत बसतात. तिसरे कारण साधे आहे आणि तेच सर्वांत भारी ठरले: एका वेळी एकानेच बोलायचे असते. जर्मनीतील मिखाएल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबे यांनी १९८७ मध्ये हे दाखवून दिले. त्यांनी माणसांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून समोर दिवे लावले. दुसरा बोलत असल्याचे दिवा दाखवील तेव्हा गप्प राहायचे. समोर माणूस नाही, तरी नुसत्या थांबण्याने कल्पनांची संख्या गटाइतकीच घसरली. आपली पाळी येईपर्यंत सुचलेले धरून ठेवण्यात डोके अडकते आणि नवे सुचत नाही. तरीही गटातून उठलेल्या माणसाला बैठक झकास झाली असेच वाटते. ही पद्धत इतकी लोकप्रिय राहिली ती बहुधा यामुळेच.

टीकाबंदीचा नियमही वादातीत नाही. शार्लन नेमेथ आणि सहकाऱ्यांनी अमेरिका आणि फ्रान्समध्ये केलेल्या प्रयोगात (२००४) खुशाल वाद घाला असे सांगितलेले गट मागे पडले नाहीत. ‘वादे वादे जायते तत्त्वबोधः’ मानणाऱ्यांना याचे आश्चर्य वाटू नये.

ऑस्बॉर्न यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून सांगायला हवे, की बैठक ही एकट्याच्या विचाराला पूरक आहे, पर्याय नव्हे, असे त्यांनीच लिहिले होते. लोकांनी त्यातली बैठक तेवढी उचलली.

यातून निघालेली वाट म्हणजे बोलण्याऐवजी लिहिणे. जर्मनीतील बेर्न्ट रोरबाख यांनी १९६८ मध्ये ‘६-३-५’ पद्धत मांडली. सहा जण, प्रत्येकापुढे एक कागद, पाच मिनिटांत तीन कल्पना. मग कागद शेजाऱ्याकडे. समजा प्रश्न दप्तराच्या ओझ्याचा आहे. पहिला लिहितो, ‘पुस्तके वर्गातच ठेवावीत’. शेजारी त्याखाली लिहितो, ‘मग घरच्या अभ्यासाला? बाकावरच्या दोघांत मिळून एक जादा संच’. तिसऱ्याला पुस्तकावरून भलतेच आठवते: ‘सर्वांत जड असते पाण्याची बाटली. शाळेतले पाणी पिण्याजोगे असेल तर ती रिकामी आणता येईल’. सहा फेऱ्यांत, म्हणजे अर्ध्या तासात, १०८ नोंदी होतात. त्यांत पुनरुक्ती पुष्कळ असते, पण कुणाला थांबावे लागत नाही आणि मोठ्या आवाजाच्या माणसाची री ओढावी लागत नाही.

इतक्या नोंदींचे पुढे करायचे काय, याचे उत्तर जपानचे मानववंशशास्त्रज्ञ कावाकिता जिरो यांच्याकडे सापडते. नेपाळमधील क्षेत्रकार्यातल्या टिपणांचा पसारा आवरता आवरता त्यांनी स्वतःची पद्धत घडवली. आद्याक्षरांवरून ती ‘केजे’ म्हणून ओळखली जाते. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट लिहायची, सगळ्या चिठ्ठ्या पसरायच्या आणि एकमेकींच्या जवळच्या वाटतील त्या एकत्र ठेवायच्या. ढिगांना नावे नंतर द्यायची. आधी मथळे ठरवून त्यांखाली चिठ्ठ्या भरायच्या नाहीत. कोणत्याच ढिगात न बसणारी चिठ्ठी जबरदस्तीने कुठे कोंबायची नाही. तिला ‘एकटा लांडगा’ म्हणतात आणि ती तशीच वेगळी ठेवतात.