ऑर्डरींनी उचल खाल्ली

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत एक्स्पोर्टचं काम बघणारा एक मुलगा माझ्याकडं संध्याकाळी इंग्रजी शिकायला येतो. मागच्या वर्षी त्याला बाहेरच्या कस्टमरचा मेल आला, त्यात एक ओळ होती, 'ऑर्डर्स शुड पिक अप आफ्टर मार्च.' यानं अर्थ लावला की मार्चनंतर माल उचलणार, म्हणजे आत्ता घाई नाही, आणि तयार झालेल्या कास्टिंगचे दोन लॉट पॅकिंग न करता बाजूला ठेवून दिले. कस्टमरला म्हणायचं होतं मार्चनंतर ऑर्डरी वाढतील. आठ दिवसांनी माल कुठाय म्हणून फोन आला तेव्हा भानगड कळली. पोरगं क्लासला आलं तेच तोंड उतरवून. "सर, पिक अप म्हणजे उचलणंच की ओ, मग चुकलं कुठं?"

प्रश्न एकदम बरोबर होता. त्याला दोष द्यावा असं काही नव्हतंच, कारण क्रियापदाच्या शेपटाला अप, ऑफ, आउट, ऑन असा छोटा शब्द जोडायचा आणि अर्थ कुठल्या कुठं न्यायचा ही इंग्रजीची खोड फार जुनी आहे आणि परक्या माणसाला ती कायम छळत आलीय. सॅम्युअल जॉन्सननं १७५५ साली आपली डिक्शनरी काढली तेव्हा प्रस्तावनेतच लिहून ठेवलं होतं की परदेशी लोकांना सगळ्यात जास्त अडचण होते ती इथंच. गंमत म्हणजे या प्रकाराला 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव छापून यायला १९२५ साल उजाडलं, लोगन पिअरसॉल स्मिथ या लेखकानं ते वापरलं आणि नाव सुचवलं म्हणून श्रेय दिलं ऑक्सफर्ड डिक्शनरीच्या हेन्री ब्रॅडलीला.

आणि एकेकाचे अर्थ तरी किती! २००७ साली गार्डनर आणि डेव्हिस या दोघा संशोधकांनी ब्रिटिश इंग्रजीच्या १० कोटी शब्दांच्या साठ्यातून सगळ्यात जास्त वापरातली १०० फ्रेझल व्हर्ब काढली आणि वर्डनेट नावाच्या कॉम्प्युटरवरच्या शब्दकोशात त्यांचे अर्थ मोजले, ते भरले ५५९. म्हणजे सरासरी एकाला साडेपाचाच्या वर. पिक अप तर सरासरीच्या कितीतरी पुढं. पार्सल पिक अप करतात, स्टँडवरनं पाहुण्याला पिक अप करतात, फोन पिक अप करतात, येता येता दूध पिक अप करतात, रेडिओ सिग्नल पिक अप करतो, पोरं गल्लीत खेळता खेळता कन्नड पिक अप करतात, कुणी सर्दी पिक अप करतो, पोलिस संशयिताला पिक अप करतात, हॉटेलात एकजण सगळ्यांचं बिल पिक अप करतो, काल थांबलेलं बोलणं आज तिथनंच पिक अप होतं, आणि वारा, धंदा, स्पीड हे तर आपले आपणच पिक अप होतात.

अशी यादी बघितली की पोरं वही काढतात आणि पाठ करायला बसतात. मला ते बघवत नाही. यादी पाठ होते आणि परीक्षा झाली की जाते, कारण ती यादी नाहीच मुळी, ते झाड आहे. बुंधा एकच, हातानं खालची वस्तू घेऊन वर आणणं. नुसत्या 'पिक'चा जुना अर्थ टोचणं, टोकानं वेचून घेणं, तो अजून टूथपिकमधे जिवंत आहे. त्याला वर नेणारा 'अप' लागला की उचलणं झालं. मग उचलायची वस्तू बदलत जाते. आधी पार्सल, मग माणूस, मग डोळ्याला न दिसणारा सिग्नल, मग भाषा, मग सर्दी. हाताचं काम कान करतो, डोकं करतं, शरीर करतं, पण चित्र तेच.

आता हे आपल्याला अवघड जायचं कारण काय? आपल्याकडं तर अख्खी 'उचल' पडलीय! कोल्हापुरात उसाचा हंगाम तोंडावर आला की चहाच्या गाड्यावर पहिला प्रश्न असतो, "पहिली उचल किती?", म्हणजे कारखाना उसाला पहिला हप्ता किती देणार. ऊसतोड टोळी उचल घेते, कामगार मालकाकडनं उचल घेतो. पोलिसांनी त्याला उचलला हे आपणपण म्हणतो. व्यापाऱ्यानं माल उचलला नाही, मागणी उचलून धरली, विडा उचलला, साहेबांची उचलबांगडी झाली, उचलली जीभ लावली टाळ्याला. यातल्या कितीत खरोखर हात आणि ओझं आहे? पण लहान पोरालाही यातलं काही वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

त्या मुलाच्या ओळीची किल्ली मात्र वेगळ्या फांदीवर होती. वरच्या यादीतले बहुतेक अर्थ 'कोणीतरी काहीतरी उचलतं' असे आहेत, म्हणजे कर्म असणारे. वारा, धंदा, ऑर्डरी यांच्यात उचलणारा कोणी नाही आणि उचललेलं काही नाही, ती गोष्ट स्वतःच वर येते. कस्टमरला माल उचलायचाच असता तर वाक्यात 'बी पिक्ड अप' आलं असतं. मी फळ्यावर एवढं लिहिलं आणि विचारलं, आपल्याकडं दुखणं अचानक वाढलं की काय म्हणतो रे? पोरगं थोडं थांबलं आणि म्हणालं, "दुखण्यानं उचल खाल्ली... आयला सर, ऑर्डरी उचल खातील!" मराठीत 'उचलणं' आणि 'उचल खाणं' अशा दोन वेगळ्या पायवाटा आहेत, इंग्रजी एकाच पिक अपवर भागवतं आणि कर्म आहे की नाही एवढ्यावरनं ओळखायला सांगतं.

समानार्थी शब्दांचंही असंच. पार्सलला कलेक्ट, सिग्नलला डिटेक्ट, भाषेला लर्न, धंद्याला इम्प्रूव्ह, बोलण्याला रिझ्यूम, पण यातला एक दुसऱ्याच्या जागी घालून बघा, वाक्य मोडतं. अर्थ खरंच वेगळे झालेत का हे बघायची भाषाशास्त्रात एक सोपी चाचणी आहे, दोन्ही एका क्रियापदाला जुंपायचे. 'त्यानं पुण्यातनं पार्सल आणि सर्दी उचलली.' हसू आलं की समजायचं फांद्या वेगळ्या आहेत. 'पार्सल आणि पेटी उचलली' म्हटलं तर कोणी हसत नाही.

डोकं यातनं नेमका अर्थ निवडतं कसं? १९७९ साली डेव्हिड स्विनी यांनी एक सुंदर प्रयोग केला. लोकांना एक गोष्ट ऐकवली, त्यात 'बग्ज' शब्द होता, ज्याचा अर्थ किडे पण होतो आणि चोरून ऐकायचा मायक्रोफोन पण. वाक्यात झुरळं, कोळी असं आधीच आलेलं, म्हणजे किडेच हे उघड. तरीपण शब्द कानावर पडल्या पडल्या स्क्रीनवर मुंगी दाखवा नाहीतर गुप्तहेर दाखवा, दोन्ही शब्द लोक सारखेच पटकन ओळखत होते. फक्त तीन अक्षरं पुढं गेल्यावर दाखवलं तर गुप्तहेर गळालेला, मुंगी राहिलेली. म्हणजे डोकं आधी दोन्ही अर्थ उघडतं आणि सेकंदभराच्या आत नको तो मिटवतं. मला वाटतं शिकणाऱ्याची अडचण इथंच आहे, त्याच्याकडं एकच अर्थ असतो, मग निवडणार कशातनं.

म्हणून लोक ही क्रियापदं टाळतातच. १९८५ साली डॅगट आणि लॉफर यांना दिसलं की हिब्रू बोलणारे विद्यार्थी फ्रेझल व्हर्ब सोडून एकशब्दी क्रियापद घेतात, १९९३ साली स्वीडिश विद्यार्थ्यांवर तसाच अभ्यास झाला तर ते टाळत नव्हते, कारण स्वीडिशमधे अशी क्रियापदं घरचीच आहेत. आपणपण 'पुट ऑफ'ऐवजी पोस्टपोन, 'पुट अप विथ'ऐवजी टॉलरेट म्हणतो. खरं तर आपल्याकडंही शेपूट आहेच, फक्त ते दुसरं क्रियापद असतं. खाऊन टाक, पिऊन टाक, यात कोण काय टाकतंय? इंग्रजीत 'ईट अप', 'ड्रिंक अप'मधला अप तेच काम करतो, संपवून मोकळं हो.

एक गोष्ट तर मला फार आवडते. पिक अप आता आपण इंग्रजांकडनं मागून घेत नाही, आपलाच वापरतो. उद्यमनगरात माझी गाडी दाखवायला नेली तर मिस्त्रीनं एकदा ॲक्सिलरेटर पिळला आणि सांगितलं, "गाडी पिकअपच घेत न्हाई की ओ, एअर फिल्टर चोक झालाय." त्यानं डिक्शनरी उघडलेली नाही, पण कर्म नसलेली फांदी बरोबर धरली. पावसाळ्यात तर विचारूच नका. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३, सगळ्यांच्या नजरा राजाराम बंधाऱ्यावर, आणि रात्री शेजारचे काका गॅलरीतनं हाक मारतात, "सर, पावसानं पिकअप घेतलाय बघा, गाडी वर आणून लावा."